रेटा मिळाला, आता प्लाझ्मा मोजा

मार्च २०२५च्या अखेरीस इस्रोनं एक छोटंसं निवेदन प्रसिद्ध केलं. ३०० मिलिन्यूटन रेट्याच्या ‘स्टेशनरी प्लाझ्मा थ्रस्टर’नं निर्वात कक्षात एक हजार तासांची आयुर्मान चाचणी पूर्ण केली होती. ५.४ किलोवॉट वीज घेऊन हे इंजिन पूर्ण क्षमतेनं चाललं आणि अधूनमधून त्याच्या अस्तराची झीज तपासली गेली. पुढची पायरी म्हणजे हे इंजिन तंत्रज्ञान-प्रात्यक्षिक उपग्रहावर बसवून अवकाशात पाठवणं. या बातमीची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, आणि जी झाली ती बहुतेक रेट्याच्या आकड्यापाशीच थांबली.

तो आकडा ऐकायला किरकोळ आहे. सहा कोरे ए-फोर कागद तळहातावर ठेवले तर जेवढा भार जाणवेल, तेवढा हा रेटा. पण तो थांबत नाही. रासायनिक इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेगानं बाहेर पडतो. या इंजिनातून झेनॉनचे आयन पंधरा ते वीस किलोमीटर वेगानं सुटतात. त्यामुळं तेवढ्याच कामाला इंधन कितीतरी कमी लागतं. भूस्थिर कक्षेत जाणाऱ्या नेहमीच्या दळणवळण उपग्रहाचं जवळपास अर्धं वजन इंधनाचं असतं. नोव्हेंबर २०२४मध्ये ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ फ्लोरिडातून फाल्कन-९वर पाठवावा लागला, तो वजनामुळंच. इंधनाचा बोजा उतरला तर एरवी परदेशी रॉकेटवर जाणारा उपग्रह श्रीहरिकोट्याहून जाऊ शकतो.

मात्र हजार तासांचा हिशेब एकदा मांडून पाहायला हवा. दोन टनांचा उपग्रह सुरुवातीच्या लंबवर्तुळाकार कक्षेतून भूस्थिर कक्षेत न्यायचा, तर त्याच्या वेगात सेकंदाला किमान दोन किलोमीटरचा बदल करावा लागतो. ३०० मिलिन्यूटनच्या एकाच थ्रस्टरनं हे करायला सुमारे १ कोटी ३३ लाख सेकंद लागतात, म्हणजे अंदाजे ३,७०० तास. पाच महिने अखंड. त्यानंतर पुढची दहा-पंधरा वर्षं उपग्रह जागेवर राखायचं काम आहेच. हजार तासांची चाचणी ही मोठी कमाई आहे यात शंका नाही, पण उरलेल्या हजारो तासांचं भाकीत कशाच्या आधारावर करायचं?

अमेरिकेनं या प्रश्नाचं एक उत्तर घाम गाळून मिळवलं. डीप स्पेस-१ यानाच्या आयन इंजिनाचा जोडीदार कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत ३०,३५२ तास चालवला गेला; ती चाचणी २००३मध्ये थांबली. नासाच्या ग्लेन केंद्रात ‘नेक्स्ट’ नावाचं इंजिन ५१,१८४ तास चाललं. नुसत्या चालू तासांचीच बेरीज केली तरी ही पाच वर्षं आणि दहा महिने होतात. प्रत्येक नव्या रचनेला एवढा काळ देणं कोणत्याही देशाला परवडत नाही. भारताला तर नाहीच.

दुसरा रस्ता म्हणजे आत काय चाललंय ते मोजायचं, त्यावरून झीज का आणि कुठं होते हे समजून घ्यायचं, आणि त्या समजुतीवर भाकीत उभं करायचं. या लेखाचा आग्रह इतकाच आहे: भारताच्या विद्युत-थ्रस्टर कार्यक्रमात इंजिन बांधण्याइतकंच महत्त्व प्लाझ्मा मोजण्याला मिळावं, आणि अवकाशात जाणाऱ्या पहिल्याच उपग्रहावर मोजणीची साधनं असावीत.

हे इंजिन दिसायला साधं आहे. बोरॉन नायट्राइडसारख्या सिरॅमिकची कड्यासारखी गोल नळी. तिच्या तळाशी ॲनोड, तिथूनच झेनॉन आत येतो. बाहेर एक कॅथोड, तो इलेक्ट्रॉन सोडतो. दोहोंमध्ये साधारण ३०० व्होल्टचा दाब. नळीच्या तोंडाशी आडवं चुंबकीय क्षेत्र. ॲनोडकडे धावणारे इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रात अडकतात आणि नळीभोवती गरगर फिरत राहतात. वाटेत आलेल्या झेनॉनच्या अणूंना ठोकरून त्यांचे आयन करतात. आयन जड असल्यानं चुंबकाला जुमानत नाहीत, आणि विद्युत क्षेत्र त्यांना बाहेर फेकतं. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत अलेक्सेई मोरोझोव्ह यांच्या गटानं ही रचना घडवली आणि डिसेंबर १९७१मध्ये सुटलेल्या मेटिओर उपग्रहावर ती पहिल्यांदा अवकाशात गेली.

अडचण इलेक्ट्रॉनांची आहे. पुस्तकी नियमानुसार ते चुंबकीय क्षेत्रात जितके अडकून पडायला हवेत तितके पडत नाहीत. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन क्षेत्र ओलांडून ॲनोडपर्यंत पोचतात. हे १९६०च्या दशकापासून ठाऊक आहे, आणि आजही या गळतीचं सर्वत्र लागू पडेल असं सूत्र कोणाकडे नाही. फ्रान्समध्ये ऑर्लेआं इथल्या निर्वात कक्षात लेसरचं विकिरण मोजणाऱ्यांना प्लाझ्मात मिलिमीटरभर लांबीच्या, अतिशय वेगवान लाटा आढळल्या. गळतीत त्यांचा हात असावा असं मानायला चांगला आधार आहे. पण कागदावरून नवं इंजिन तोलून पाहायचं म्हटलं की संगणकी प्रारूपात इलेक्ट्रॉनांच्या गळतीचा आकडा अजूनही प्रत्यक्ष मोजमापावरून बसवावा लागतो. मोजमाप नसेल तर प्रारूप नाही, आणि प्रारूप नसेल तर पंधरा वर्षांचं भाकीत हा निव्वळ भरवसा ठरतो.

मोजण्याचं सगळ्यात जुनं साधन शंभर वर्षांचं आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करणारे आयर्विंग लँगम्युअर यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं, की एक बारीक धातूची तार प्लाझ्मात धरून तिचा विद्युतदाब बदलत नेला आणि तिच्यात येणारा प्रवाह नोंदवला, तर त्या आलेखावरून इलेक्ट्रॉनांची संख्या आणि त्यांचं तापमान काढता येतं. लँगम्युअर प्रोब आजही प्रत्येक थ्रस्टर प्रयोगशाळेत असतो. त्याच्या जोडीला फॅरडे प्रोब असतो: एक छोटी चकती, तिच्याभोवती संरक्षक कडं. ती थ्रस्टरपासून मीटरभर अंतरावर अर्धवर्तुळात फिरवली की आयनांचा झोत किती पसरलाय ते कळतं. जाळ्यांमागून जाळ्या लावलेला रिटार्डिंग पोटेन्शियल ॲनालायझर आयनांची ऊर्जा सांगतो. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना काटकोनात लावलेला प्रोब किती आयनांवर एक विद्युतभार आहे आणि किती जणांवर दोन, हे वेगळं करतो.

खरी कसोटी नळीच्या आत लागते. तिथं घनमीटरमागं दहाच्या सतराव्या ते अठराव्या घाताइतके इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांचं तापमान दोन लाख अंशांच्या वर जातं. अशा जागी तार धरली तर ती काही क्षणांत जळते. त्याहून वाईट म्हणजे, जळण्याआधीच ती प्लाझ्मा बदलून टाकते. तारेमुळं इंजिनाचा प्रवाह हलतो, आणि जे मोजलं जातं ते बिघडलेलं इंजिन असतं. मिशिगन विद्यापीठात ॲलेक गॅलिमोर यांच्या प्रयोगशाळेनं यावर तोडगा काढला: प्रोब वेगानं आत घुसवायचा आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात बाहेर खेचायचा. त्यातून नळीच्या आतला नकाशा मिळाला. तरी लँगम्युअर प्रोबच्या घनतेच्या आकड्यात पन्नास टक्क्यांपर्यंत अनिश्चितता धरण्याची रीत आहे. म्हणून एकाच साधनावर विसंबून चालत नाही.

लेसरची पद्धत याहून देखणी आहे. ८३४.७ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेसर झोतात सोडायचा. झेनॉनचा आयन तो शोषून घेतो आणि ५४१.९ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश परत देतो. आयन वेगात असल्यानं शोषणाची तरंगलांबी किंचित सरकते, आणि त्या सरकण्यावरून त्याचा वेग थेट मिळतो. कशालाही हात न लावता. त्यासाठी चांगला लेसर, चांगले आरसे आणि त्यांच्यामागं वर्षानुवर्षं बसणारी माणसं लागतात. हिरव्या प्रकाशाचा अंधुक संकेत प्लाझ्माच्या स्वतःच्या झगमगाटातून वेगळा काढणं हे कौशल्य विकत आणता येत नाही.

शिवाय इंजिन स्थिर नसतं. त्याचा प्रवाह सेकंदाला दहा ते तीस हजार वेळा वरखाली होतो. झेनॉन भरतो, जळतो, पुन्हा भरतो. सरासरी घेणारं उपकरण ही धडधड पुसून टाकतं. बाहेरून शांत दिसणारा आकडा आत केवढी उलथापालथ झाकून बसला असेल, हे फक्त वेगवान मोजमापालाच कळतं.

मोजमापानं काय पदरात पडतं, याचं उत्तम उदाहरण अमेरिकी बीपीटी-४००० थ्रस्टरचं आहे. त्याच्या दहा हजार तासांहून लांब चाललेल्या चाचणीत सुमारे ५,६०० तासांनंतर नळीची झीज जवळजवळ थांबलीच. इंजिन उत्तम निघालं एवढं म्हणून कोणीही पुढं गेलं असतं. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी मात्र ती का थांबली हे विचारलं. झिजत झिजत नळीच्या भिंतीला असा आकार आला होता, की चुंबकीय रेषा भिंतीला समांतर झाल्या आणि भिंतीजवळचे इलेक्ट्रॉन थंड राहिले. त्यामुळं आयन भिंतीवर जोरात आदळेनासे झाले. मग त्यांनी मुद्दाम त्या आकाराचं नवं इंजिन घडवलं, भिंतीत प्रोब बसवले, लेसर लावले आणि झीज साधारण हजारपट कमी झाल्याचं दाखवलं. आज या युक्तीला ‘चुंबकीय कवच’ म्हणतात आणि नव्या मोठ्या थ्रस्टरांची रचना तिच्यावरच उभी आहे. बीपीटी-४०००चंही नशीब पुढं फळाला आलं. ऑगस्ट २०१०मध्ये सुटलेल्या अमेरिकी लष्कराच्या एईएचएफ-१ उपग्रहाचं मुख्य रासायनिक इंजिन निकामी ठरलं, तेव्हा छोट्या हायड्रॅझिन इंजिनांच्या मदतीनं आणि याच थ्रस्टरांच्या बळावर तो चौदा महिन्यांत आपल्या कक्षेत पोचला.

जमिनीवरच्या चाचणीत आणखी एक खोट असते, ती निर्वात कक्षाची. कितीही मोठे पंप लावले तरी कक्षात अवकाशाच्या मानानं वायू उरतोच. तो थ्रस्टरच्या तोंडातून परत आत शिरतो आणि इंजिनाला फुकटचं इंधन पुरवतो. झोत आदळून कक्षाच्या भिंतींवरचे ग्रॅफाइटचे अणू निखळतात, इंजिनावर येऊन बसतात आणि झीज झाकतात. चुंबकीय कवचाच्या इंजिनात तर झिजेपेक्षा हे काजळीचं पूटच जास्त भरतं. कक्षाची धातूची भिंत इलेक्ट्रॉनांना परतीचा सोपा मार्गही देते. असा मार्ग अवकाशात नसतो. २०२१मध्ये नासानं नेमक्या याच प्रश्नासाठी जॉर्जिया टेकच्या नेतृत्वाखाली अनेक विद्यापीठांची एक संस्था उभी केली. पन्नास वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्यांना जर कक्षातल्या आकड्यांची फेरतपासणी करावीशी वाटते, तर नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी ती पहिल्या दिवसापासून करावी.

म्हणूनच अवकाशात मोजायचं. आणि ही काही नवलाईची मागणी नाही. २० जुलै १९६४ रोजी व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स बेटावरून सुटलेलं सर्ट-१ हे यान मुळात मोजण्यासाठीच गेलं होतं. आयनांच्या झोतात पुरेसे इलेक्ट्रॉन मिसळतील का, की यानावर उलटा भार साठून झोत मागं ओढला जाईल, हा वाद कक्षात मिटत नव्हता. दोनपैकी एक इंजिन सुरूच झालं नाही. दुसरं ३१ मिनिटं चाललं आणि वाद संपला. डीप स्पेस-१वर १९९८मध्ये प्रोब, सूक्ष्म वजनकाटे आणि चुंबकमापक असा संचच बसवला होता. २००३च्या युरोपीय स्मार्ट-१ चांद्रयानावरही तसाच संच होता. त्या यानात आढळलं, की सौर पंखे जसजसे फिरतात तसतसा इंजिनाच्या कॅथोडचा विद्युतदाब बदलतो, कारण पंख्यांवरचे उघडे धातूचे जोड भोवतालच्या प्लाझ्मातून इलेक्ट्रॉन गोळा करतात. फिरत्या पंख्यांसह अख्खं यान चाचणीच्या कक्षात सहसा मावत नाही, त्यामुळं हे जमिनीवर कळलंच नसतं.

भारताला हे शास्त्र परकं नाही. १९६०च्या दशकापासून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या सत्यप्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थुंब्याहून सुटणाऱ्या रॉकेटांवर लँगम्युअर प्रोब बसवून विषुववृत्तावरच्या आयनांबराचा अभ्यास केला. ऑगस्ट २०२३मध्ये विक्रम लँडरनं चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ रंभा नावाचा प्रोब उघडला. मीटरभर लांब दांड्यावर पाच सेंटिमीटरचा धातूचा गोळा. घनमीटरमागं पन्नास लाख ते तीन कोटी इलेक्ट्रॉन इतका विरळ प्लाझ्मा त्यानं मोजला. थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रातल्या स्पेस फिजिक्स लॅबोरेटरीनं तो घडवला होता. जो प्लाझ्मा मोजायला सर्वांत अवघड, कारण जवळजवळ नाहीच, तो या देशानं चंद्रावर जाऊन मोजला. स्वतःच्या थ्रस्टरमागचा दाट झोत मोजण्याची कुवत नाही असं म्हणायला जागाच उरत नाही.

एप्रिल २०२३मध्ये पीएसएलव्ही-सी५५च्या चौथ्या टप्प्यावर, पोएम-२वर, दोन उपकरणं शेजारी शेजारी गेली. एक बंगळुरूच्या बेलाट्रिक्स कंपनीची अर्का-२०० ही विद्युत-थ्रस्टर प्रणाली. दुसरं थिरुवनंतपुरमच्या अवकाशविज्ञान संस्थेचा रिटार्डिंग पोटेन्शियल ॲनालायझर, आयनांबर अभ्यासण्यासाठी. उद्देश वेगळे, संस्था वेगळ्या. पण हे दोघे एकमेकांसाठी मुद्दाम पाठवता येतात, आणि तसं ते पाठवावेत. पोएमसारखं स्वस्त, पुन्हापुन्हा मिळणारं व्यासपीठ फार थोड्या देशांकडे आहे.

जमिनीवरही माणसं विखुरलेली आहेत. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आदित्य टोकामॅकचा अनुभव आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसर आणि प्लाझ्मा या दोहोंचं काम एका छताखाली चालतं. इंदूरचं राजा रामण्णा केंद्र लेसर घडवतं. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही प्लाझ्मावर बरंच काम झालं आहे. इस्रोच्या निर्वात कक्षाची दारं यांच्यासाठी वर्षातून ठरावीक आठवडे उघडली, तर एका पिढीत थ्रस्टर मोजणाऱ्यांची फळी तयार होईल. एमएस्सीचा विद्यार्थी फॅरडे प्रोब स्वतः घडवू शकतो. त्याला तो फिरवायला चालू थ्रस्टर मिळत नाही, एवढाच अडसर आहे.

यावर आक्षेप येतील आणि ते बिनबुडाचे नाहीत. उपग्रहावरचा प्रत्येक किलो महाग असतो, तारांची प्रत्येक जोडणी म्हणजे बिघाडाची नवी जागा. दळणवळण उपग्रहाचा ग्राहक प्रोबसाठी पैसे मोजणार नाही. थ्रस्टर तंत्रज्ञानावर निर्यातबंधनं आहेत, म्हणून आकडे उघड करायला संस्था कचरतात. पण पहिला उपग्रह प्रात्यक्षिकासाठीच आहे. तिथं ग्राहकाचा प्रश्न येत नाही. वजन काही किलोंचं. गुप्ततेचं म्हणाल, तर इंजिनाची रचना झाकून ठेवूनही झोताची घनता, आयनांची ऊर्जा आणि यानाचा विद्युतदाब प्रसिद्ध करता येतो. डीप स्पेस-१ आणि स्मार्ट-१ने नेमकं तेच केलं.

घाईचं एक कारणही आहे. वायू बदलतो आहे. हवेत झेनॉन दर कोटी भागांत एक भागाहूनही कमी सापडतो, आणि म्हणून तो महाग आहे. स्टारलिंकनं आधी क्रिप्टॉन वापरला आणि २०२३पासून आरगॉन. भारतीय कंपन्यांनाही आज ना उद्या त्याच वाटेनं जावं लागेल. वायू बदलला की आयनांचा वेग, भिंतीवरचा मारा, धडधडीची वारंवारता, लेसरची तरंगलांबी, सगळंच बदलतं. झेनॉनवर मिळवलेले हजार तास आरगॉनला लागू पडत नाहीत. मोजणारी फळी हाताशी असेल, तर नव्या वायूवर काही आठवड्यांत उत्तर मिळू शकतं. नसेल तर पुन्हा हजार तासांपासून सुरुवात.

भारतानं विद्युत-थ्रस्टरच्या वाटेवर आधीच बरीच वर्षं घालवली आहेत. ते घेऊन निघालेला जीसॅट-४ एप्रिल २०१०मध्ये क्रायोजेनिक टप्प्याच्या अपयशात गेला. मे २०१७मध्ये जीसॅट-९ नं झेनॉन थ्रस्टर नेले, तेही जागा राखण्यापुरते. आता प्रथमच स्वदेशी मोठं इंजिन कक्षा उंचावण्याच्या कामाला जुंपलं जाणार आहे. त्या उपग्रहावर तीन गोष्टी हव्यात: सौर पंख्याच्या मुळाशी एक लँगम्युअर प्रोब, झोताच्या कडेला मागं तोंड केलेला एक आयन-ऊर्जामापक, आणि साठणारं पूट तोलणारा एक क्वार्ट्झ स्फटिक. उड्डाणानंतर वर्षभरात त्यांच्या नोंदी विद्यापीठांना खुल्या कराव्यात. उपग्रहाचा सांगाडा आणि तारांचा आराखडा एकदा पक्का झाला की नंतर काही जोडता येत नाही. म्हणून या तिघांची जागा, वीज आणि माहिती पाठवण्याचा वाटा आराखड्याच्या टप्प्यातच राखून ठेवायला हवा.